ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, बाकी बंद

गाडीच्या एसी-हीटरच्या पंख्याबद्दल पत्रं वर्षभर येत राहतात, कधी उन्हाळ्यात कधी पावसाळ्यात, ती बाजूला ठेवत गेलो आणि आता एकदमच घेतोय. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे, अमुक पार्ट बदलला, तमुक बदलला, तरी होत नाही. म्हणून पहिलं उत्तर जरा लांब झालंय, ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न: सर नमस्कार. माझी छोटी हॅचबॅक आहे, 2014 चं मॉडेल, साधा मॅन्युअल एसी. ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, एक दोन तीनवर हूं की चूं नाही. गॅरेजवाल्याने रेझिस्टन्स बदलला, दोन महिने मस्त चाललं मग परत तेच, परत बदलला तर तो पण गेला. फ्यूज एकदाही उडालेला नाही. आता तो म्हणतोय डॅश खोलून पूर्ण वायरिंग बदलू. चारवर एवढा आवाज होतो की मागे बसलेले म्हणतात एसी नको पण खिडकी उघड. काय करू?
– वाचक, सातारा

उत्तर: अहो थांबा, वायरिंगला हात लावू देऊ नका एवढ्यात. चारला ब्लोअर जोरात चालतो ना, मग फ्यूज, मोटरला येणारा मेन सप्लाय, अर्थ म्हणजे बॉडीतून करंटची परतीची वाट, हे सगळं जागेवर आहे, कारण सगळ्यात जास्त करंट चारलाच जातो आणि तो जातोय. साध्या एसीत चार नंबरला रेझिस्टन्स मधे येतच नाही, करंट सरळ मोटरला. एक दोन तीनला तो रेझिस्टन्सच्या वेटोळ्यांमधून फिरून जातो, एकला सगळी वेटोळी, तीनला एकच, जितकी वेटोळी जास्त तितका पंखा हळू. आणि बहुतेक रेझिस्टन्सवर एक छोटा थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा तुकडा, बसवलेला असतो, तो उडाला की तिन्ही स्पीड एकदम जातात. फक्त एक नंबर गेला असता तर मी म्हणालो असतो शेवटचं वेटोळं तुटलंय किंवा स्विचमधला एक पॉइंट जळलाय. तिन्ही एकदम गेले म्हणजे कटआउट, नाहीतर कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. तुमच्या गॅरेजवाल्याचं पहिल्या वेळचं निदान अगदी बरोबर होतं. दुसऱ्यांदा जळला तेव्हा मात्र त्याने "का जळला" हे बघायला हवं होतं, तो नवा लावून मोकळा झाला.

रेझिस्टन्सचं काम काय, तर नको असलेली पॉवर उष्णता करून टाकणं. समजा एक नंबरला मोटरला 4 व्होल्ट मिळतात आणि 5 अँपिअर करंट वाहतो, तर उरलेले 8 व्होल्ट रेझिस्टन्सवर पडले, 8 गुणिले 5, म्हणजे 40 वॅट. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं, आणि ते तुम्ही डॅशच्या आत प्लास्टिकच्या डब्यात सतत चालू ठेवलंय. तरी ते वितळत नाही कारण कंपनीने रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, ब्लोअरची हवाच त्याला गार करते. हवा कमी झाली की तो तापला, जास्त तापला की कटआउट उडाला. एवढी साधी गोष्ट आहे पण दहातले नऊ जण ती बघत नाहीत.

मग हवा कमी कशाने होते? पहिलं केबिन फिल्टर. ग्लोव्ह बॉक्स काढला की बहुतेक गाड्यांत मागेच सापडतो, तो बाहेर काढा आणि तसाच ब्लोअर चारवर लावून बघा, हवा एकदम वाढली तर फिल्टर चोंदलेला होता. झटकून परत लावू नका, नवा टाका, तो काही फार महाग नसतो आणि आपल्याकडच्या धुळीत वर्षाला एक लागतोच. दुसरं म्हणजे मोटर स्वतःच जड झालेली असणं, आणि तुमच्या केसमध्ये मला जास्त संशय हिचाच आहे.

तुम्ही लिहिलंय फ्यूज एकदाही उडाला नाही, आणि गॅरेजवाल्याने बहुतेक त्यावरूनच मोटर चांगली आहे असं धरलं असेल. इथेच फसगत होते. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच करंटला उलटा विरोध करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. बुश, म्हणजे मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ती रिंग, कोरडा पडला, मोटर जड झाली किंवा एक नंबरवर अडकूनच बसली, की तो विरोध गेला. पण एक नंबरला मधे रेझिस्टन्स आहे, समजा 2 ओहमचा, तर 12 व्होल्टला करंट जाऊन जाऊन जाणार 5-6 अँपिअर. तुमचा फ्यूज 30 चा असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. इकडे रेझिस्टन्सवर पन्नासच्या वर वॅट आणि हवा शून्य. फ्यूज शाबूत, रेझिस्टन्स खाक. चारवर मात्र पूर्ण 12 व्होल्ट मिळतात म्हणून तीच जड मोटर जोर लावून फिरते आणि सगळ्यांना वाटतं मोटर तर टणटणीत आहे.

तर आता काय करायचं ते सांगतो. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून नाही जमत, खाली पाय ठेवायच्या जागेत डोकं घालून उताणं पडावं लागतं, कार्टन अंथरा. चावी काढा. रेझिस्टन्स ब्लोअरच्या जवळच दोन स्क्रूवर असतो, त्याचा कपलर ओढून काढा आणि आधी कपलरच बघा, रेझिस्टन्स नंतर. पिनच्या भोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन निळसर काळी पडलीये का, नाकाशी धरलं तर जळकट वास येतो का. येत असेल तर नवा रेझिस्टन्स जुन्या कपलरमध्ये लावून काही उपयोग नाही, ढिली पिन स्वतः तापते आणि ती उष्णता नव्या पार्टला देते. वायरच्या तुकड्यासकट कपलर मिळतो, तो नीट क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून जोडून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवायची, पीळ मारून काळी टेप गुंडाळायची नाही.

मग मोटर खाली काढा, तीन स्क्रू असतात साधारण. जाळीचा पंखा बोटाने फिरवून सोडा. चांगली मोटर सोडल्यावरही थोडी आरामात फिरत राहते, जी लगेच थांबते किंवा खरखरते तिचा बुश संपलाय. शाफ्ट वर-खाली आणि आडवा हलवून बघा, आडवा खेळला की मोटर गेली. तरी शंका असेल तर क्लॅम्प मीटरने चार नंबरवरचा करंट बघा, छोट्या गाडीला साधारण 15 ते 20 अँपिअरच्या आसपास बसतो, 30 च्या फ्यूजवर 25 च्या पुढे जात असेल तर मोटर बदला. मीटर डीसी करंट मोजणारा हवा, स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट, म्हणजे घरातल्या विजेचा, मोजतात, ते इथे शून्य दाखवतील. आणि साध्या मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या भोकातून ब्लोअर चालवायचा उद्योग करू नका, मीटरचाच फ्यूज जाईल, नाहीतर मीटरच.

मोटर, कपलर, फिल्टर हे तिन्ही बघून मगच तिसरा रेझिस्टन्स लावा. रेझिस्टन्स शेकड्यात येतो आणि मोटर हजारात म्हणून सगळे रेझिस्टन्सच बदलत बसतात, पण तीन रेझिस्टन्स आणि तीनदा मजुरी याचा हिशोब कोणी करत नाही. आणि कोणी थर्मल कटआउटला वायर मारून डायरेक्ट करून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा, तो कटआउट आहे म्हणून आजवर नुसता ब्लोअर बंद पडला, डॅश पेटला नाही.

प्रश्न: साहेब मी मुंबईत टॅक्सी चालवतो. ब्लोअर मधेच बंद होतो, डॅशखाली एक बुक्की मारली की चालू, खड्ड्यातून गाडी गेली तरी चालू. पॅसेंजर हसतात. वायरमनने टेस्ट लॅम्प लावला तर म्हणाला मोटरच्या दोन्ही वायरींना करंट येतोय, म्हणजे वायर उलटसुलट झाल्यात. पण गाडीला कोणी हातच लावलेला नाही तर वायर उलटी होईल कशी?
– टॅक्सीचालक, मुंबई

उत्तर: दादा तुमचं डोकं बरोबर चाललंय, वायर आपोआप उलटी होत नाही. भरपूर गाड्यांत ब्लोअरला 12 व्होल्ट सरळ येतात आणि स्विच असतो तो अर्थच्या बाजूला, म्हणजे करंट आधी मोटरमधून जातो, मग रेझिस्टन्स, मग स्विच, मग बॉडी. आता स्विच बंद असेल किंवा अर्थची बाजू कुठे तुटली असेल आणि तुम्ही टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं मोटरच्या दुसऱ्या वायरला लावलं, तर करंट मोटरमधून येऊन लॅम्प पेटवतो. दोन्ही वायरींना लॅम्प पेटतो. यात उलटसुलट काही नाही. लॅम्प बॉडीला न लावता मोटरच्या दोन पिनांच्या मधे लावायचा, म्हणजे मोटरला खरंच किती मिळतंय ते कळतं.

तुमच्या मुद्द्यावर येतो. बुक्कीने चालू होणं म्हणजे दोनच शक्यता, मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे, झिजलेत किंवा कुठलातरी कपलर ढिला आहे. आणि बुक्की दोघांनाही लागते त्यामुळे बुक्कीवरून काही ठरत नाही. ब्लोअर बंद पडेल तेव्हा डॅशला अजिबात हात लावू नका, गाडी बाजूला घ्या, स्विच चारवर ठेवा, आधी हळूच कपलर आणि वायर हलवा. चालू झाला तर कपलर. नाही झाला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फक्त मोटरच्या बुडावर टकटक करा. त्याने चालू झाला तर कार्बन संपले समजा, टिचकीने ते कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या तांब्याच्या रिंगला, परत टेकतात आणि पुढच्या सिग्नलपर्यंत चालतात. पक्की खात्री हवी असेल तर बंद पडलेल्या अवस्थेतच, मोटरचा कपलर न काढता, दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा, 12 च्या आसपास दाखवतंय आणि मोटर मख्ख आहे तर दोष मोटरचाच, पुढे काही शोधायचं नाही.

अजून एक, मोटरचा कपलर काढून मोजलं आणि मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली असं नसतं. आतून सडलेल्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 दाखवतो कारण मीटर करंटच ओढत नाही. जुने वायरमन यासाठी हेडलाइटचा जुना बल्ब जवळ ठेवतात, 55 वॅटचा, मोटरच्या जागी तो लावायचा. पांढरा लख्ख पेटला तर सप्लाय आणि अर्थ दोन्हीत दम आहे, पिवळा मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी गंज. ही युक्ती मला कुठल्याही महागड्या स्कॅनरपेक्षा भारी वाटते, या कामापुरती तरी. मोटर सरळ बॅटरीवर लावून बघायची असेल तर वायरीत फ्यूज टाकूनच लावा.

टॅक्सीच्या ब्लोअरला दिवसभर आराम नसतो त्यामुळे कार्बन लवकर संपणं साहजिक आहे. नुसते कार्बन बदलून देणारे कारागीर अजून सापडतात, पण कम्युटेटरवर चरा पडलेला असेल तर नवे कार्बनही लवकरच खाऊन टाकतो. तेव्हा उघडून बघू दे त्याला, कम्युटेटर गुळगुळीत असेल तरच कार्बन, नाहीतर मोटर.

प्रश्न: गाडी हायवेला असली की एसी बर्फासारखा, सिग्नलला दोन मिनिटं थांबलो की कोमट. मेकॅनिक म्हणतो ब्लोअर वीक झालाय, नवा टाका. मे महिना तोंडावर आहे, लवकर सांगा.
– वाचक, नागपूर

उत्तर: ब्लोअर नका टाकू. थांबल्यावर हवेचा जोर तोच आहे ना? फक्त गारवा जातोय? मग आतल्या पंख्याचा काही संबंध नाही, बोनेटखाली रेडिएटर आणि कंडेन्सरवर हवा मारणारा जो पंखा आहे तो बघा. गाडी पळत असते तेव्हा समोरची हवाच कंडेन्सरला गार करते, पंखा नसला तरी भागतं. सिग्नलला वारा थांबला की काम सगळं त्या पंख्यावर, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेरच 45 असतं तिथे तो बंद असेल तर गॅस गार होणार तरी कशाने.

इंजिन चालू, एसी चालू, बोनेट उघडून लांबूनच बघा. कॉम्प्रेसर लागला की पंखा फिरायला हवा, काही गाड्यांत जरा वेळाने लागतो. नाही फिरला तर आधी त्याचा फ्यूज, मग रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा आपोआप स्विच. रिले शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून बघता येतो, फुकटची टेस्ट आहे. त्यानेही नाही झालं तर वर मुंबईच्या टॅक्सीवाल्या दादांना सांगितली तीच हेडलाइट बल्बची टेस्ट या पंख्याच्या कपलरवर करायची. काही गाड्यांत या पंख्याला पण दोन स्पीड असतात आणि हळू स्पीडचा रेझिस्टन्स पंख्याच्या फ्रेमवरच असतो, तो जळला की पंखा एसीबरोबर लागत नाही, इंजिन खूप तापल्यावरच एकदम घोंघावत सुटतो. हे लक्षण दिसलं तर सरळ तिथेच जा.

हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी हा पंखा आपोआप चालू होऊ शकतो, ओढणी, मफलर, टायची टोकं सगळं आवरून. आणि टेम्परेचरचा काटा सिग्नलला वर चढतोय का तेही बघा, चढत असेल तर हा प्रश्न एसीचा राहिला नाही, इंजिन उकळायच्या आधी करून घ्या. पंखा चालू असेल आणि तरी कोमट येत असेल तर मग कंडेन्सरच्या जाळीत कचरा किंवा गॅस, ते वेगळं प्रकरण.

प्रश्न: दादा, माझी गाडी पावसाळ्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभी होती. आता ब्लोअर लावला की फरफर, टकटक असा आवाज येतो, स्पीड वाढवला की आवाज पण वाढतो, आणि कसला तरी कुबट घाण वास. शेजारच्या सीटपुढचं कार्पेट पण ओलं लागतंय. सर्व्हिस सेंटरने एसीचं पूर्ण डीप क्लीनिंग आणि नवीन मोटर असं मोठं एस्टिमेट दिलंय.
– वाचक, पुणे

उत्तर: ताई एस्टिमेटवर सही करायच्या आधी ग्लोव्ह बॉक्स उघडून केबिन फिल्टर बाहेर काढायला लावा, तुमच्यासमोर. माझा अंदाज उंदीर. पावसात उंदरांना कोरडी जागा हवी असते आणि विंडशील्डच्या खाली वायपरपाशी जी जाळी असते तिथून बाहेरच्या हवेची वाट थेट ब्लोअरपर्यंत येते. फिल्टरला कुरतडलेली कड, वर काळ्या लेंड्या, आणि खाली मोटरच्या जाळीदार पंख्यात कापूस, टिश्यू पेपर, शेंगांची टरफलं, कुठल्याशा सीटच्या फोमचे पिवळे तुकडे असं सगळं निघतं. टकटक त्याचीच, एखादं टरफल पात्यांवर आपटत राहतं. कधी नुसती पिंपळाची, गुलमोहराची पानं पण असतात, तेव्हा आवाज फरफर येतो.

पंखा काढून साफ करा, पण धुवायचा तर मोटरपासून वेगळा करून, आणि पात्यांच्या मधे बसवलेली छोटी क्लिप दिसली तर काढू नका, ती बॅलन्ससाठी असते. ती पडली तर साफ केल्यावर उलट पंखाच थरथरायला लागेल आणि मग म्हणाल मोटर खराब. एखादं पातं तुटलेलं असलं तरी हेच होतं, त्याला इलाज नाही, पंखा बदलायचा. लेंड्या कोरड्या असताना ब्रशने उडवू नका, मास्क आणि हातमोजे घाला आणि आधी जंतुनाशक फवारून ओलं करून मग पुसा, उंदरांमुळे होणारे आजार उगाच नकोत.

ओल्या कार्पेटचं वेगळं बघा. एसी चालवल्यावरच ओलं होत असेल तर कूलिंग कॉइलचं पाणी खाली सोडणारी नळी चोंदली असणार, एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय का बघा. एसी न लावता नुसत्या पावसानेच ओलं होत असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतंय, आणि तेच पाणी मोटरवर पडतं. पाणी चिकट असेल, गोडसर वास असेल, काचेला आतून तेलकट थर येत असेल तर ते पाणी नाहीच, हीटरमधून कूलंट गळतंय, मग थांबू नका. तिन्हीचे इलाज वेगळे आहेत त्यामुळे सर्व्हिस सेंटरला आधी विचारा की पाणी कुठून येतंय, एस्टिमेट नंतर. आणि घरी स्वतः डॅशखाली हात घालणार असाल तर पिवळ्या वायरी, पिवळे कपलर यांना हात नाही, ती एअरबॅगची लाइन असते, शेजारच्या सीटची एअरबॅग तिथेच वरती बसलेली आहे.

प्रश्न: घाट चढून तासभर गाडी चालवली की एसीची हवा हळूहळू कमी होत जाते. ब्लोअरचा आवाज तेवढाच, हवा मात्र नाही. थोडा वेळ गाडी थांबवून चहा प्यायला की परत फुल्ल हवा. मोटर गरम होते का?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर: मोटर गरम होत असती तर आवाज पण बसला असता. आवाज तोच आणि हवा गायब म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, हवेला वाटच नाही. कोकणातली दमट हवा, एसी फुल्ल थंडवर, ब्लोअर एकवर, यात बर्फ पटकन धरतो. चहा पिईपर्यंत तो वितळतो, गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडलेलं दिसेल. पुढच्या वेळी असं झालं की एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर तीनवर चालू ठेवा, पाच-दहा मिनिटांत हवा परत आली की निदान पक्कं. कारण एकतर चोंदलेला फिल्टर, नाहीतर कॉइलवरचा तापमान सेन्सर कॉम्प्रेसर वेळेवर बंद करत नाहीये, नाहीतर गॅस कमी. या क्रमानेच बघा. गॅस कमी असेल तर तो गेला कुठे तेही विचारा, नुसता भरून घेऊ नका.

आंबोलीच्या धुक्यात काच आतून धुरकट होते तेव्हा हा त्रास जास्त नडेल, कारण काच साफ ठेवायला हवा लागतेच. तेव्हा बाहेरची हवा घ्यायचा मोड, वारा काचेवर, एसी चालू आणि तापमान जरा गरमकडे.

प्रश्न: टोरांटोत राहतो. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की ब्लोअर किंचाळतो, पाच-दहा मिनिटांनी गाडी गरम झाली की गप्प. उन्हाळ्यात अजिबात नाही. इथे लेबर चार्ज ऐकूनच घाम फुटतो म्हणून विचारतोय, चालवत राहू का?
– वाचक, कॅनडा

उत्तर: बुश कोरडा होत आलाय. थंडीत उरलंसुरलं ग्रीस घट्ट होतं, शाफ्ट कोरडाच घासतो आणि किंचाळतो, ऊब आली की ग्रीस सैल होऊन गप्प. आज ना उद्या मोटर जाणार, आणि जाताना रेझिस्टन्सला बरोबर घेऊन जाऊ शकते, कशी ते साताऱ्याच्या उत्तरात आलंय. तुमच्याकडे उणे पंधराला डीफ्रॉस्टची हवा नसणं म्हणजे समोरचं काही न दिसणं, त्यामुळे मी तरी पुढचा हिवाळा त्या मोटरवर काढणार नाही. उन्हाळ्यात सवडीने स्वतः बदला, बऱ्याच गाड्यांत अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, काही मॉडेलमध्ये मात्र अर्धा डॅश उतरावा लागतो म्हणून आधी तुमच्या मॉडेलचं बघून घ्या. तुमच्या गाडीत मोटर उजव्या बाजूला, इथल्या गाड्यांत डावीकडे, बाकी सगळं तेच. तेलाचा स्प्रे आत मारून आवाज बंद करायचा मोह होईल, तो आवरा, स्प्रे कार्बनवर उडतो आणि तिथे ठिणग्या असतात. आणि गाडीवरचा बर्फ झाडताना वायपरखालची जाळी पण मोकळी करा, तिथला भुसभुशीत बर्फ ब्लोअर आत ओढतो आणि मोटर भिजते.

ब्लोअर ठणठणीत आणि तरी हवा गारच येते असं कधी झालं तर तो पंख्याचा दोष नाही, कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट बघायचा.

प्रश्न: ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलची गाडी आहे. चावी काढली तरी ब्लोअर मंद चालूच राहतो, सकाळी बॅटरी डाउन. रेझिस्टन्स बदलायला सांगितलाय. डॅशखाली शोधला पण तुम्ही सांगता तशी वेटोळी कुठेच दिसत नाहीत.
– वाचक, नाशिक

उत्तर: दिसणार नाहीत, तुमच्या गाडीत वेटोळीच नाहीत. ऑटो एसीत स्पीड बदलायला ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या असलेला एक ठोकळा, तोही हवेच्या वाटेतच बसवलेला. वेटोळी जळली की तुटतात आणि पंखा बंद पडतो, ट्रान्झिस्टर मात्र बऱ्याचदा आतून शॉर्ट होतो आणि पंखा चालूच राहतो. रिलेचे पॉइंट चिकटले तरी असंच होतं, म्हणून चावी काढा आणि ब्लोअर फिरत असतानाच त्याचा रिले उपटा. ब्लोअर थांबला तर रिले संशयित, नवा घालून बघा, स्वस्तातली गोष्ट आहे. थांबला नाही, किंवा नव्या रिलेनेही तेच, किंवा तुमच्या गाडीत रिलेच नसेल, तर मॉड्यूल. आणि मॉड्यूल बदलताना साताऱ्याला सांगितलं तसं मोटर हाताने फिरवून बघितल्याशिवाय नवं लावू नका, हे मॉड्यूल रेझिस्टन्ससारखं शेकड्यात मिळत नाही. काम होईपर्यंत रात्री गाडी लावली की ब्लोअरचा फ्यूज काढून डॅशच्या खणात टाकायचा आणि सकाळी लावायचा, त्याच अँपिअरचा.